बिनबिघाडाचे उंदीर

ताईच्या अंगाला उंदरांचा वास येतो, असं तिच्या सासूबाईंचं म्हणणं होतं, आणि ते खोटं नव्हतं. उंदीरघरात शिरताना बाहेरचे कपडे काढून ठेवायचे, धुतलेला झगा चढवायचा, टोपी, मास्क, हातमोजे, पायांत कापडी मोजे. बाहेर पडताना हे सगळं उतरवून कोपरापर्यंत हात घासायचे. तरीही ओल्या भुशाचा आणि मुताचा तो उग्र दर्प केसांत कुठेतरी लपून घरापर्यंत यायचाच. सासूबाई दार उघडायच्या, नाक मुरडायच्या आणि म्हणायच्या, "आल्या उंदरांच्या मातोश्री." त्यात राग नसायचा. ताई चपला काढायची, आंघोळीला जायची आणि मगच स्वयंपाकघरात पाऊल टाकायची.

ती एका संशोधन संस्थेत कामाला होती. नोकरी कधी कायम झाली नाही. दर वर्षी करार संपायचा, दर वर्षी पुढे ढकलला जायचा, आणि असं ढकलत ढकलतच तिचे केस पिकले. संस्थेत सगळे तिला ताईच म्हणत. नवी पोरं म्हणत, शिपाई म्हणत, बरोबरीचेही म्हणत. नावापुढे डॉक्टर लागत होतं, पण ते कुणाच्या लक्षात नसायचं, तिच्या स्वतःच्याही.

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. लग्नानंतर थोड्याच दिवसांत त्यानं विचारलं होतं, तू नेमकं करतेस तरी काय? तेव्हा तिनं त्याला त्याच्याच भाषेत समजावलं होतं. समज, एका जुन्या इमारतीत लिफ्टची पेटी आहे, आत तारांचं जंजाळ आहे आणि नकाशा हरवलाय. कुठली तार कशासाठी, हे कळायचं कसं? एक तार काढायची आणि काय बंद पडतं ते बघायचं. दिवा गेला तर ती दिव्याची, दार अडलं तर दाराची. उंदराच्या शरीरात अशा हजारो तारा असतात, त्यांना जनुकं म्हणायचं. बरीचशी माणसातही तशीच असतात. आम्ही एक जनुक मोडतो, बाकी सगळं जसंच्या तसं ठेवतो, आणि त्या उंदराचं काय अडतं ते बघतो. नवऱ्यानं थोडा विचार केला आणि म्हणाला, "आणि तार काढूनही काहीच बंद पडलं नाही तर?"

ती हसली होती. तेव्हा तिला हसू येत असे.

तिच्या वाट्याला जे जनुक आलं, ते गर्भातल्या उंदराच्या हृदयात जागं व्हायचं. गर्भ जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढा असतो, हृदयाची नळी नुकती वळायला लागलेली असते, आणि नेमकं तेव्हाच. तिच्या सरांनी, म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी, छातीठोकपणे सांगितलं होतं की हे जनुक मोडलं तर हृदय घडणारच नाही, पिल्लं पोटातच मरतील, आणि हृदय कसं घडतं याचा एक मोठा दुवा आपल्या हाती लागेल. ताईलाही तसंच वाटलं. कुणालाही वाटलं असतं.

असा उंदीर बनवायचा म्हणजे नाकी नऊ येतात. आधी काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींमध्ये ते जनुक मोडायचं. हजारांतल्या एखाद्या पेशीत ते नीट मोडतं, ती हुडकून काढायची. मग ती कोवळ्या गर्भात सोडायची, गर्भ दुसऱ्या मादीच्या पोटात ठेवायचा आणि वाट बघायची. पिल्लं होतात ती अंगावर दोन रंगांचे पट्टे घेऊन, काही पेशी इकडच्या, काही तिकडच्या. त्यांची पैदास करायची. मोडलेलं जनुक पुढच्या पिढीत उतरलं तर नशीब, नाहीतर ये रे माझ्या मागल्या. ताईला दोनदा मागे यावं लागलं. तिची मुलगी पहिल्यांदा दप्तर पाठीला लावून शाळेत गेली तेव्हा हे काम सुरू झालं होतं. आईकडून आणि बापाकडून, दोन्हींकडून मोडकं जनुक घेऊन आलेली पहिली पिल्लं जन्मली, तेव्हा ती मुलगी आईच्या खांद्याला लागली होती.

पिल्लं जन्मली, इथेच घोडं पेंड खात होतं. ती पोटात मरायला हवी होती. पण गुलाबी, वळवळती, पोटात दूध दिसतंय अशी ती भुशात पडली होती. ताईला वाटलं, तपासात काही चूक झाली असेल. कानाचा कण घेऊन पुन्हा तपासलं. जनुक मोडलेलंच होतं, दोन्ही बाजूंनी. पिल्लांच्या अंगावर लव आली, डोळे उघडले, ती पळू लागली, चाकावर चढू लागली, एकमेकांशी भांडू लागली. कशातच काही कमी नव्हतं.

तिथून पुढची वर्षं ताईनं एकच केलं. बिघाड शोधला. हृदयाचे ठोके मोजले, रक्तदाब पाहिला, छातीवर छोटीशी सोनोग्राफी केली, फिरत्या पट्ट्यावर धापा टाकेपर्यंत पळवलं, साखर पाहिली, थंडीत ठेवलं, पाण्यात पोहायला लावलं. उंदीर पळाले, पोहले, कुडकुडले आणि परत येऊन निवांत खायला लागले. शेजारच्या पिंजऱ्यातले धडधाकट जनुकाचे उंदीर आणि हे, यांत काडीचा फरक निघेना. इतरांच्या उंदरांना काय काय व्हायचं. कुणाचे लठ्ठ होत, कुणाचे गोल गोल फिरत, कुणाचे बहिरे निपजत. त्यांचे लेख छापून येत, ते पुढच्या नोकरीला निघून जात. ताईचे उंदीर टुणटुणीत होते आणि ताई तिथेच होती.

"डोंगर पोखरून उंदीर काढलास गं बाई," सासूबाई एकदा भाजी निवडता निवडता म्हणाल्या. "तोही धडधाकट." नवरा हसला. ताईही हसली, कारण विनोद चांगला होता. मग आत जाऊन ती नुसतीच पलंगावर बसून राहिली. ती रडली वगैरे नाही. रडायलाही थोडी ताकद लागते.

शेवटी सरांनी तिला बोलावलं. सर वाईट माणूस नव्हते. त्यांनाही निवृत्ती जवळ आली होती, गुडघे धरले होते, आणि उंदीरघरातल्या मांडणीवरच्या प्रत्येक खणाचा हिशेब त्यांना वर द्यावा लागे. त्यांनी तिला बसायला सांगितलं आणि खिडकीबाहेर बघत म्हणाले की आता उंदरांची ही जात बंद करू या. नव्या कामाला जागा हवी आहे. कधी कधी एका जनुकाचं काम दुसरं जनुक उचलतं, निसर्गानं जोडीदार ठेवलेला असतो, आपल्याला तो सापडला नाही, एवढंच. ताईनं विचारलं, निदान काही गर्भ गोठवून ठेवू या का? सर म्हणाले, ज्या उंदरात काही बिघाडच नाही तो गोठवून कोण मागणार आहे? त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. ताईनंही मग आग्रह धरला नाही. खरं सांगायचं तर आत कुठेतरी तिला सुटल्यासारखं वाटलं.

उंदीर संपवण्याचं काम तिनं दुसऱ्या कुणावर टाकलं नाही. उंदीरघर सांभाळणाऱ्या मावशी म्हणाल्या, "ताई, तुम्ही नका करू, मी करते." पण ताईला ते बरं वाटेना. तिनंच जन्माला घातले होते. आधी नर काढले, मग तरणी पिल्लं, मग एकट्या ठेवलेल्या, अजून न व्यालेल्या तरुण माद्या. पिंजरा गॅसच्या पेटीत ठेवायचा, झडप उघडायची, थांबायचं. मग एकेकाला बाहेर घेऊन छाती उघडायची आणि हृदय आणि इतर दोन-चार अवयव बाटलीत ठेवायचे, पुढे कुणाला लागले तर असावेत म्हणून. हात आपोआप चालत होते. उंदराचं हृदय वाटाण्याहूनही लहान असतं. एक, दुसरं, तिसरं, सगळी सारखीच, घट्ट आणि लाल. ती बघतही नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती शेवटच्या खणापाशी आली. तिथे पैदाशीच्या माद्या होत्या. चार-चार, पाच-पाच वेळा व्यालेल्या, केस विरळ झालेल्या, थोराड. पहिलीची छाती उघडली आणि चिमटा तिच्या हातात तसाच राहिला.

हृदय मोठं होतं. थोडंथोडकं नाही, चांगलं दीडपट. रंग फिका, आणि चिमट्यानं धरलं तर ओल्या चिंधीसारखं लोंबत होतं. फुप्फुसांभोवती पाणी साचलं होतं. तिला वाटलं, ही एखादी आजारी असेल. दुसरी घेतली. दुसरीचंही तसंच. तिसरीचंही.

तिनं झडप बंद केली आणि स्टुलावर बसली. हळूहळू एकेक गोष्ट तिच्या ध्यानात यायला लागली. पळवलेले, पोहवलेले, मोजलेले सगळे उंदीर नर होते. माद्यांची पाळी दर चार-पाच दिवसांनी फिरते, आकडे वरखाली होतात, म्हणून प्रयोग नरांवर करायचे. सगळीकडे हीच रीत. तिलाही तसंच शिकवलं होतं. माद्या होत्या त्या फक्त वाढवायला. आणि त्यांतली एखादी बाळंतपणानंतर अधूनमधून मरून पडलेली सापडायची, पण तशा इतर जातींतल्याही सापडतात. मावशी सांगायच्या, "ताई, तुमची एक गेली." ताई म्हणायची बरं, पिल्लं दुसरीखाली घाला, आणि वर जाऊन नरांचे ठोके मोजायची.

किती वर्षं ती मोजत होती, हे तिनं मुद्दामच आठवलं नाही.

सरांकडे गेली तेव्हा ती अजून झग्यातच होती, आणि झग्यात वर येणं नियमाबाहेर होतं. सरांनी बाटलीतली हृदयं उजेडात धरून पाहिली. 

"आपण माद्या का नाही पाहिल्या?" ते म्हणाले.

"तुम्ही नर पाहायला सांगितले होते."

"हो." त्यांनी बाटली टेबलावर ठेवली. "सांगितलं होतं खरं. किती उरल्यात?"

"तीन. तिन्ही म्हाताऱ्या. नर एकही नाही."

  बैल गेला आणि झोपा केला, अशातली गत. गोठवलेलं काही नाही, तरुण मादी एक नाही, आणि उरलेल्या तीन माद्यांकडून जात पुढे न्यायची तर त्यांना पुन्हा गाभण राहावं लागणार. त्यांच्या हृदयाला तर तेवढंच सोसत नव्हतं.

तरी दुसरा मार्ग नव्हता. ताईनं त्या तिघींना धडधाकट जनुकाचे नर जोडीला दिले. पिल्लांत आईकडचं, एका बाजूचं जनुक मोडकं उतरेल, मग त्या पिल्लांची आपसात जोडी लावली की पुढच्या पिढीत काही पूर्ण मोडक्या जनुकाची निघतील, असा बेत होता. रोज सकाळी ती येऊन बघायची. मावशी तिच्या आधीच पोचलेल्या असत. त्यांना या सगळ्या भानगडीत फारसा रस नव्हता. त्यांची पाठ दुखायची, पिंजरे धुऊन हातांना भेगा पडल्या होत्या, आणि रिकामा होणारा खण पुन्हा भरणार म्हणून त्या थोड्या वैतागल्याही होत्या. पण ताईचा जीव टांगणीला लागलाय हे त्यांना दिसत होतं, म्हणून त्या बोलायच्या नाहीत.

तिघींतली एक गाभण राहिलीच नाही. वयच उलटून गेलं होतं. दुसरी राहिली, पोट दिसायला लागलं, आणि एका सकाळी कोपऱ्यात अंग फुलवून, पाठ कुबडी करून बसलेली आढळली. तिच्या कुशी धपापत होत्या. दुपारपर्यंत ती गेली, पिल्लं पोटातच. ताई जेवणाच्या खोलीत गेली, डबा उघडला, बंद केला आणि परत आली.

तिसरी व्याली. पाच पिल्लं. दोन दिवस तिनं त्यांना पोटाखाली घेऊन दूध पाजलं. तिसऱ्या दिवशी तिला उठवेना. ताईनं पिंजऱ्यापाशी खुर्ची ओढली आणि बसून राहिली. बसण्यानं काही होणार नव्हतं. मादीचा श्वास वरवर चालला होता, आणि पिल्लं तरीही लुचत होती.

"आता काढायला हवीत," मावशी म्हणाल्या. "थंड पडतील."

शेजारच्या एका पिंजऱ्यात नुकतीच व्यालेली दुसऱ्या जातीची मादी होती. मावशींनी तिच्या भुशातली एक मूठ घेतली आणि पाचही पिल्लांना त्यात हलक्या हातानं घोळवलं, म्हणजे अंगाला तिच्याच घराचा वास लागावा. मग एकेक करून तिच्या पिल्लांच्या घोळक्यात सरकवली. मादी आली, हुंगलं, एकाला तोंडात धरलं.  अनोळखी पिल्लू मादी खाऊनही टाकते. तिनं त्याला उचलून घरट्याच्या मध्यात नेऊन ठेवलं आणि बाकीच्यांवर अंग टाकून बसली.

"चला," मावशी म्हणाल्या आणि पाठ सरळ करत दुसऱ्या कामाला लागल्या.

त्या दिवशी ताई लवकर घरी आली. सासूबाईंनी दार उघडलं, तिच्याकडे पाहिलं, आणि नेहमीचं वाक्य काही बोलल्या नाहीत. ताई आंघोळ करून आल्यावर त्यांनीच चहा पुढे ठेवला. काय झालं म्हणून विचारलं. ताई सहसा घरी कामाचं बोलत नसे, पण त्या दिवशी बोलली. साधंच सांगितलं. गरोदरपणात उंदराच्या मादीचं हृदय वाढतं, माणसाच्या बाईचंही वाढतं, दोघांचं ओझं ओढायचं असतं ना. बाळंतपणानंतर ते पुन्हा आपल्या जागी येतं. ताई ज्याच्या मागे होती ते जनुक हृदय घडवत नव्हतंच. बहुतेक ते या परत येण्याच्या कामाचं असावं. ते नसलं तर हृदय वाढतं, आणि पुरतं मागे येत नाही. पहिल्या वेळी थोडं, दुसऱ्या वेळी आणखी थोडं. वरून काही दिसत नाही. मग एका बाळंतपणात ते दमतं.

सासूबाई ऐकत होत्या. कपातला चहा निवून गेला.

"माझी थोरली बहीण अशीच गेली," त्या म्हणाल्या.

ताईला ही बहीण माहीत नव्हती. एवढ्या वर्षांत कधी विषय निघाला नव्हता.

सासूबाईंनी तुटक तुटक सांगितलं. चौथं बाळंतपण झालं होतं. मुलगा गुटगुटीत होता. तिला मात्र आडवं झोपवेना, भिंतीला टेकून बसायची, पाय सुजले होते, दोन वाक्यं बोलली की धाप लागायची. घरातले म्हणाले, बाळंतीण आहे, अशक्तपणा असतो. बहिणीची सासू म्हणाली, कामाचा आळस. सासूबाई तेव्हा लहान होत्या, तिच्याकडे राहायला गेल्या होत्या, बाळाला आंदुळायला. एका दुपारी बहीण म्हणाली, जरा खिडकी उघड गं. खिडकी उघडीच होती.

"तिलाही हेच झालं असेल का?" त्यांनी विचारलं.

ताईला हो म्हणावंसं वाटलं. म्हातारीला त्यानं बरं वाटलं असतं. पण ती इतकी थकली होती की खोटं बोलायचीही शक्ती नव्हती. ती म्हणाली, "नाही सांगता येत, आई. बाळंतिणीचं हृदय थकतं, असा आजार आहे खरा, पण त्याला कारणं पुष्कळ असतात. उंदरावरून माणसाचं एवढं सांगता येत नाही. सुतावरून स्वर्ग गाठल्यासारखं होईल."

"इतकी वर्षं घालवून तेवढंही नाही?"

"अजून तरी नाही."

सासूबाईंनी मान हलवली आणि कप उचलून आत गेल्या. त्या दिवसानंतर मात्र त्या अधूनमधून विचारायला लागल्या. कशी आहेत तुझी पिल्लं? वाढली का? त्यांच्या बोलण्यातली थट्टा गेली नाही, पण आता त्या थट्टेनंतर उत्तराची वाट बघत.

पाचांतली चार वाढली. त्यांच्यापासून जात पुन्हा उभी राहिली, आणि ताईनं सगळं नव्यानं केलं. या वेळी माद्यांवर. एकदा व्यालेल्या, दोनदा व्यालेल्या, चारदा व्यालेल्या, आणि प्रत्येकीच्या जोडीला तितक्याच वेळा व्यालेली धडधाकट जनुकाची मादी. सोनोग्राफीच्या पडद्यावर दोघींची हृदयं शेजारी शेजारी दिसत. बाळंतपणाआधी दोन्ही वाढलेली. नंतर एक मागे येई, एक वाटेतच थांबे. हे बघायला किती वेळ लागतो, हे उंदरांनाच ठाऊक. व्यायला हवं, पाजायला हवं, सावरायला हवं, मग पुन्हा गाभण राहायला हवं. घाई करून चालत नाही. सर मधल्या काळात निवृत्त झाले. त्यांच्या जागी आलेल्या बाईंनी ताईचा करार चालू ठेवला, एवढं केलं. मुलगी कॉलेजला दुसऱ्या गावी गेली. नवऱ्याचं लिफ्टच्या खड्ड्यात उतरणं डॉक्टरांनी बंद केलं, आता तो खाली उभा राहून तरुण कारागिरांना सूचना देई आणि घरी येऊन त्यांच्या नावानं खडे फोडी.

लेख छापून आला, तेव्हा दुसऱ्या एका देशातल्या गटाचा तशाच एका जनुकावरचा लेख आधीच येऊन गेला होता. त्यांचं जनुक वेगळं होतं, पण निष्कर्ष जवळजवळ तोच, आणि नाव त्यांचं झालं. ताईचा लेख मधल्या दर्जाच्या मासिकात आला. पहिलं नाव तिचं होतं. निवृत्त सरांनी फोन केला. अभिनंदन केलं, आणि मग म्हणाले की माझ्यामुळे तुझी वर्षं गेली. ताई म्हणाली, सगळीकडे तशीच रीत होती, सर. हे तिनं त्यांना बरं वाटावं म्हणून म्हटलं नव्हतं. ते खरंच होतं, आणि त्यानं कुणालाच बरं वाटलं नाही.

लेख वाचून एका प्रसूती रुग्णालयातल्या हृदयाच्या डॉक्टरीणबाईंनी मात्र तिला गाठलं. त्यांच्याकडे अशा बायका येत. बाळंतपणानंतर दम लागलेल्या, काही वाचलेल्या. त्यांच्या रक्तात हे जनुक तपासता येईल का, असं त्यांनी विचारलं. ताईनं तपासलं. रीतसर परवानग्या घेऊन, बायकांना समजावून, रक्ताच्या नळ्या बर्फात ठेवून आणून. पहिल्या खेपेच्या कुणातच काही सापडलं नाही. दुसऱ्या खेपेतही नाही. मग एकीत सापडलं. एकाच बाजूचं जनुक मोडकं होतं. एका बाईवरून काही ठरत नाही, हे डॉक्टरीणबाईंनाही माहीत होतं आणि ताईलाही. तरी त्यांनी त्या बाईच्या दोन बहिणींना बोलावून तपासलं. धाकटीत तेच निघालं, आणि धाकटी गरोदर होती. डॉक्टरीणबाईंनी तिला शेवटपर्यंत नजरेखाली ठेवलं. बाळंतपण नीट झालं. नजरेखाली ठेवलं नसतं तरी ते नीट झालं असतं की नाही, कोण सांगणार? ताईनं घरी एवढंच सांगितलं की ती बाई बरी आहे.

"माझंही रक्त घे," सासूबाई म्हणाल्या.

ताईनं पुष्कळ सांगून पाहिलं, की आता या वयात त्याचा तुम्हाला काही उपयोग नाही. सासूबाई ऐकेनात. बहिणी एकाच आईच्या, म्हणाल्या. शेवटी डॉक्टरीणबाईंनीच त्यांच्याकडून रक्त घेतलं. सासूबाईंनी नळी भरताना तोंड फिरवलं नाही, टक लावून बघत बसल्या.

निकाल आला त्या दिवशी सुट्टी होती. दुपारची वेळ, नवरा बाहेर गेलेला, दोघी खोलीत आडव्या झालेल्या. ताईनं सांगितलं, "तुमचं जनुक धड आहे, आई. दोन्ही बाजूंनी."

"मग तिचंही धड असेल."

"असेलही, नसेलही. बहिणींना सगळं सारखं येत नाही."

सासूबाईंनी हे मनात उलटंपालटं करून पाहिलं. मग त्या छताकडे बघत बहिणीबद्दल बोलायला लागल्या. आजाराबद्दल नाही. ती शीळ वाजवायची, असं म्हणाल्या, पोरांसारखी, दोन बोटं तोंडात घालून, आणि त्यावरून मार खायची. तिला उंचीची भीती नव्हती. लहान बहिणीची वेणी घालताना ती इतकी घट्ट ओढायची की डोळे तिरके व्हायचे. दुसऱ्या मुलाच्या वेळी ती हसत हसत म्हणाली होती, आता पुरे. कुणी ऐकलं नाही.

ताईला हे सगळं ऐकायचं होतं. ती हुंकार देत होती. पण आठवडाभराचं जागरण, पाठ, डोळे, सगळं एकदम जड झालं आणि वेणीच्या गोष्टीनंतर कधीतरी तिचा हुंकार बंद झाला. सासूबाईंनी मान वळवून पाहिलं. सून तोंड उघडं टाकून झोपली होती. त्यांनी तिला उठवलं नाही. पायाशी पडलेली चादर ओढून तिच्या अंगावर घातली, आणि उरलेलं हळू आवाजात स्वतःशीच सांगून संपवलं.